चाळीस फुटांची गच्ची

१

मे महिन्यात ग्वाल्हेरच्या थाटीपुरात दुपारी दोन ते पाच कुणी कुणाच्या दारावर थाप मारत नाही. रस्त्यावर गरम वाऱ्याची लू वाहत असते, कुत्री गटाराच्या काठाला पोट टेकून पडलेली असतात आणि घराघरांतून कूलरची घरघर तेवढी ऐकू येते. लक्ष्मीकांत मुळ्यांच्या घरीही हेच. जेवण झालं की ते खिडकीतल्या खसच्या ताटीवर बादलीभर पाणी ओतायचे, अनसूयाबाई आतल्या खोलीत आडव्या व्हायच्या, आणि मुळ्ये बैठकीतल्या टेबलावर पितळी परात ठेवून तीत फासे टाकायला बसायचे. एक लाल, एक पांढरा.

‘‘अहो, खालच्या बाई विचारत होत्या, मुळ्येसाहेब जुगार कधीपासून खेळायला लागले?’’ अनसूयाबाईंनी एकदा सांगितलं होतं.

‘‘सांग त्यांना, एकोणसत्तराव्या वर्षी सुरुवात केली. त्याआधी वेळ नव्हता.’’

बत्तीस वर्षं त्यांनी एका हिंदी दैनिकाचं खेळाचं पान सांभाळलं होतं, आणि शहरात ज्याच्याशी ते भांडले नाहीत असा एकही क्रीडा पदाधिकारी उरला नव्हता. निवृत्तीनंतर भांडायला कुणी मिळेना. मग पुतण्या शंतनुनं अमेरिकेहून एक खोका पाठवला: घरात बसून खेळायचा बेसबॉल. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड. दोन फासे टाकायचे, लाल फासा दहं, पांढरा एकं. अकरापासून सहासष्टपर्यंत छत्तीस आकडे होतात. कार्डावर त्या आकड्याचा चौकोन शोधायचा. फटका, धाव, बाद, जे लिहिलं असेल ते घडलं. मोठमोठ्या खेळाडूंची कार्डं चकचकीत, रंगीत. आणि जे कधीतरी खेळले, कोपऱ्यात उभे राहिले, त्या सगळ्यांसाठी मिळून एकच करडं कार्ड. त्यावर नावाच्या जागी लिहिलेलं होतं: ‘इतर’.

मुळ्ये भडकले. ‘‘इतर म्हणजे काय? त्याला आईबापानं नाव ठेवलं नव्हतं?’’

त्या ‘इतर’वरून त्यांना त्या मुली आठवल्या. एकोणनव्वद सालचा ग्वाल्हेर विभागाचा मुलींचा बेसबॉल संघ. क्रिकेटवाल्या पोरांना फर्स्ट क्लासचं तिकीट, आणि या चौदा जणी बिनारिझर्वेशनच्या डब्यात संडासाच्या दाराशी चादर टाकून जबलपूरला गेल्या होत्या. ग्लोव्हज पाच, मैदानात मुली नऊ. तरी राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या. कुणाला माहीत आहे आज? मुळ्यांनी ठरवलं, या चौदा जणींचं एकेक कार्ड करायचं. आणि अमेरिकेपेक्षा चांगलं करायचं. त्या खेळात कार्डाच्या एकाच बाजूला मजकूर होता, फलंदाजीचा. मुळ्यांनी मागची बाजूही वापरली, मैदानात उभ्या असलेल्या मुलीसाठी. चेंडू तिच्याकडे गेला की कार्ड उलटायचं आणि पुन्हा फासे टाकायचे. मागच्या बाजूचे छत्तीस चौकोन त्यांनी आपल्या जुन्या कात्रणांवरून भरले. जितक्या चुका छापल्या गेल्या होत्या तितकेच चौकोन लाल शाईचे. ना कमी, ना जास्त.

मैदानात डाव्या बाजूला उभ्या राहणाऱ्या स्मृती महाडिकच्या कार्डावर एकच लाल चौकोन होता. एक्केचाळीस. त्यात लिहिलं होतं: ‘झेल सुटतो’.

पुढच्या रविवारी त्या मुलींचा मेळावा होता. आता मुली म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या बायका. कप्तान गरिमा पवार सगळं जमवत होती. दोघी वारल्या होत्या, अकरा जणींनी येते म्हणून कळवलं होतं. एकट्या स्मृतीचा दोन शब्दांचा निरोप आला होता, ‘जमणार नाही.’ शहरातल्याच लष्कर भागात राहणारी बाई, टेंपोनं वीस मिनिटं. मुळ्यांना राग आला होता.

२

कार्डं छापायला देण्याआधी ते खेळ तपासत होते. रोज तीन-चार सामने, वहीत नोंद. एका मंगळवारी चेंडू डाव्या बाजूला उडाला. त्यांनी स्मृतीचं कार्ड उलटलं आणि फासे टाकले.

लाल फासा चारवर बसला. पांढरा एकावर थांबतोय असं दिसलं आणि मग, कुणी फुंकर मारावी तसा, कडेवर कलला आणि दोनवर बसला. बेचाळीस. झेल पकडला.

त्याच क्षणी डोक्यावर, गच्चीत, कुणीतरी धावलं.

डावीकडून उजवीकडे. हलकी, जलद पावलं, कॅनव्हासच्या बुटांची असावीत तशी. मुळ्यांनी वर पाहिलं. पंखा फिरत होता. पावलं उजव्या भिंतीवरून पलीकडे गेली आणि थांबली.

खालची पोरं असतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण खालची पोरं सुट्टीसाठी आजोळी गेली होती, आणि गच्चीच्या जिन्याची किल्ली त्यांच्याच खुंटीला लटकत होती. शिवाय त्या वेळी गच्चीवर अनवाणी मांजरसुद्धा जात नाही.

दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. लाल चार, पांढरा एकावर येता येता कलला, तीनवर गेला. वर पावलं धावली. या वेळी मुळ्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती, कारण बातमीदाराची नजर घड्याळावर जातेच. पावलं सुरू झाली तेव्हा सेकंदकाटा बाराच्या पुढे सरकत होता. थांबली तेव्हा अकरा सेकंद झाले होते.

गच्ची त्यांनीच बांधून घेतली होती. कंत्राटदाराशी एकेका फुटासाठी भांडले होते. गच्ची चाळीस फुटांची होती. धावणारं माणूस ती तीन-चार सेकंदांत ओलांडतं.

ही पावलं अकरा सेकंद धावली होती. न वळता, एकाच दिशेनं.

३

मुळ्ये भुतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी आयुष्यभर ‘कोण म्हणतं? कागद दाखवा’ हेच केलं होतं. त्यांनी वह्या काढल्या आणि मोजलं.

चाचणीच्या सामन्यांत स्मृतीच्या कार्डासाठी चारशे बारा वेळा फासे पडले होते. एक्केचाळीस एकदाही नाही. बाकी पस्तीस आकडे हवे तितके पडले होते. दुसऱ्या मुलींसाठी एक्केचाळीससुद्धा हवा तितका पडला होता. शंतनुला फोन करून विचारलं, असं होण्याची शक्यता किती? तो गणितवाला. हिशेब करून म्हणाला, ‘‘काका, लाखात एक. फासे बदला.’’

फासे बदलले. महाराज बाड्याच्या बाजारातून नवे आणले, ते मिठाच्या पाण्यात तरंगवून कुठली बाजू जड आहे का हे पाहिलं. जड नव्हती. परात बदलून लाकडी ट्रे घेतला. डाव्या हातानं टाकले. काही फरक नाही.

मग त्यांना एक युक्ती सुचली, आणि ती सुचली याचं पुढे त्यांना वाईट वाटलं. त्यांनी स्मृतीचं नवं कार्ड लिहिलं. ‘झेल सुटतो’ हे एक्केचाळीसमधून काढून सव्वीसमध्ये टाकलं, आणि एक्केचाळीसमध्ये साधं ‘झेल पकडते’ लिहिलं.

पहिल्याच फाशाला एक्केचाळीस पडले. चारशे बारा वेळा जे टळलं होतं ते परातीत निमूट येऊन बसलं.

मुळ्यांनी फासे पुन्हा उचलले. ते टाकत राहिले. चाळिसाव्या की एक्केचाळिसाव्या फाशाला लाल दोनवर बसला, पांढरा सहाकडे झुकला, थरथरला आणि पाचवर पडला. वर पावलं निघाली.

आतल्या खोलीतून अनसूयाबाईंचा झोपेतला आवाज आला, ‘‘अहो, कोण ती मुलगी धावतेय एवढ्या उन्हात? पाय भाजतील तिचे.’’

मुळ्ये उठून दारात गेले. ‘‘मुलगी? तुला कसं कळलं मुलगी आहे?’’

अनसूयाबाईंनी डोळे उघडले नाहीत. ‘‘चाळीस वर्षं कन्याशाळेत शिकवलं मी. मुलीचं धावणं मला कळत नाही?’’ आणि कुशीवर वळून म्हणाल्या, ‘‘उशीर झाल्यासारखी धावतेय बिचारी.’’

४

छपाईचं काम सिटी सेंटरमधल्या शिखाकडे होतं. तिशीतली मुलगी, लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या करणारी, पण हात सुंदर. तिनं चौदा कार्डांचे नमुने टेबलावर मांडले. प्रत्येकीचा जुना कृष्णधवल फोटो, खाली नाव, मागं छत्तीस चौकोन. मुळ्यांनी जुनं कार्डच पाठवलं होतं. छापायचं ते कात्रणाप्रमाणे. फाशांच्या लहरीप्रमाणे नाही.

‘‘अंकल, बाकी सब ठीक. पण हिच्या कार्डात सगळं पांढरं आणि हा एकच डब्बा लाल. आँख सीधे वहीं जाती है.’’

‘‘जायलाच हवी. त्या झेलामुळे राज्याचा कप गेला.’’

‘‘छत्तीस साल हो गए अंकल. काढून टाका ना. कोणाला कळणार?’’

मुळ्ये चवताळले. ‘‘का काढू? मी कुणाची फुकट स्तुती लिहिली नाही आणि कुणाचं पाप झाकलं नाही. आयुष्यात एक काम चोख केलं, जे पाहिलं तेच लिहिलं. शेवटचा डाव, ग्वाल्हेर एका धावेनं पुढे, दोन बाद. उंच चेंडू उडाला. स्मृतीच्या हातून सुटला, समोरच्या संघाच्या दोन मुली चारही टप्पे पुरे करून घरी पोचल्या, सामना संपला. मी तिथे...’’

शिखा वाट पाहत होती.

‘‘...असो,’’ मुळ्ये म्हणाले. ‘‘मेळाव्यात हे नमुनेच दाखवू. छपाईचं सोमवारी सकाळी फायनल सांगतो.’’

रिक्षात बसल्यावर त्यांना जाणवलं की ‘मी तिथे होतो’ हे वाक्य त्यांनी छत्तीस वर्षांत शेकडो वेळा उच्चारलं होतं, आणि आज पहिल्यांदा ते अर्धवट राहिलं.

कारण ते तिथे नव्हते. संपादकानं जबलपूरचं भाडं मंजूर केलं नव्हतं. पोरींच्या खेळाला कशाला हवाय माणूस? ते भांडले, हरले, आणि ऑफिसात बसून राहिले. रात्री आठला बेसबॉल संघटनेच्या सचिवाचा ट्रंककॉल आला. खरखरत्या लाइनवर त्यानं पाच मिनिटं सांगितलं, मुळ्यांनी पंधरा मिनिटांत लिहिलं. वर टाकलं, ‘जबलपुर, विशेष प्रतिनिधि’. त्या काळी सगळेच टाकत. आणि मथळा त्यांचा स्वतःचा, त्या वर्षी ऑफिसात फार वाखाणला गेलेला: ‘स्मृति के हाथ से छूटा कप’.

५

शनिवारी दुपारी आंधी आली. चार वाजता आकाश आधी पिवळं झालं, मग काळं, दारं-खिडक्या धडधडल्या, आणि अर्ध्या तासात सगळं थांबलं. पाऊस पडला नाही. नुसती धूळ. मुळ्ये किल्ली घेऊन वर गेले तेव्हा गच्चीवर पिठासारखा पिवळा थर पसरला होता. एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत अख्खा, चिमणीच्या पायाचाही ठसा नसलेला.

ते जिन्याच्या दारातच उभे राहिले. मग खाली जाऊन परात, फासे आणि स्मृतीचं कार्ड घेऊन आले. एक्केचाळीसमध्ये लाल चौकोन असलेलं कार्ड. उंबऱ्यावर बसून फासे टाकू लागले. आपण हे काय करतोय, असं त्यांच्या मनात आलं. पण पुरावा तपासल्याशिवाय बातमी सोडायची नाही, आणि हे काम त्यांनी एकदा टाळलं होतं.

किती वेळ गेला कळलं नाही. लाल फासा चारवर बसला. पांढरा एकाकडे वळला आणि कलला.

डाव्या कठड्याशी धुळीत एक ठसा उमटला.

मग दुसरा. चवड्याचा ठसा खोल, टाचेचा नाहीच. ठसे त्यांच्याकडे येत होते, समोरून जात होते. प्रत्येक ठशाबरोबर धुळीचा लहानसा फुफाटा उडत होता, आणि मुळ्यांना श्वास ऐकू येत होता. दमलेल्या, तरी न थांबणाऱ्या माणसाचा. त्यांनी उजवीकडे पाहिलं. तिथे कठडा असायला हवा होता.

तिथे काय होतं हे त्यांना पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. एवढंच म्हणत की फार दूर होतं. इतकं दूर की त्या टोकाचं सगळं उन्हात थरथरत होतं. तिकडून खूप लोकांचा एकदम ‘ओऽह’ असा आवाज आला होता, आणि ती पावलं त्या आवाजाकडे, एकटी, धावत सुटली होती. मुळ्यांना भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याहून मोठं असं काहीतरी छातीत भरून आलं, एखाद्या गाभाऱ्यात अचानक दिवा लागावा तसं. इतकं सुंदर धावणं त्यांनी बत्तीस वर्षांत कुठल्याच मैदानावर पाहिलं नव्हतं. आणि धावणारं कुणी दिसत नव्हतं.

मग कठडा जिथे असायला हवा तिथे होता. पाण्याची टाकी होती. मोरारकडे जाणाऱ्या टेंपोचा हॉर्न ऐकू आला.

त्यांनी ठसे मोजले. एकोणचाळीस. अनसूयाबाईंच्या शिवणाच्या डब्यातली टेप आणून दोन ठशांमधलं अंतर मोजलं. जवळजवळ सहा फूट. दुसरीकडे मोजलं, सहा फूट. एकोणचाळीस पावलं, प्रत्येक सहा फुटांचं, म्हणजे दोनशे तीस फुटांच्या वर. सत्तर मीटर. आणि ती सगळी चाळीस फुटांच्या गच्चीत, एका रांगेत, एकावर एक न चढता. त्यांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा टेप खरं बोलली आणि गच्चीही खरं बोलली.

उजव्या कोपऱ्यात शेवटचा ठसा होता. त्याच्याजवळ एक गुडघा टेकल्याची खूण, आणि पाच बोटांचा ओरखडा. जमिनीवरून काहीतरी उचलताना राहतो तसा. त्या ओरखड्यातली धूळ पिवळी नव्हती. मुळ्यांनी चिमूट उचलून बोटांत चोळली. तांबडी होती.

खाली येऊन त्यांनी खेळाच्या नियमांचा कागद काढला. त्यात मैदानाचा नकाशा त्यांनी स्वतः, मापात, काढला होता. त्यांनी पट्टी ठेवली. डाव्या बाजूला खेळाडू उभी राहते त्या ठिपक्यापासून उजव्या बाजूच्या ठिपक्यापर्यंत सत्तर मीटर.

६

त्यांनी गरिमाला फोन लावला.

‘‘अरे काका! हॉलचं झालं बरं का, साउंडवाला पण ठरला. आता तुम्ही टेन्शन मत लो.’’

‘‘गरिमा, एक प्रश्न आहे. मी तुला हा छत्तीस वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. जबलपूरचा शेवटचा चेंडू. डाव्या बाजूला गेला की उजव्या?’’

पलीकडे मिक्सर चालू होता. तो बंद झाला.

‘‘तुम्ही तर होतात ना तिथे,’’ गरिमा हळूच म्हणाली.

‘‘तू सांग.’’

‘‘उजव्या.’’

‘‘उजव्या बाजूला कोण होतं?’’

‘‘मी होते, काका. ऊन डोळ्यांत होतं. हातात आला आणि निघून गेला. मी तिथेच बसले, तोंड झाकून. स्मृती... ती दुसऱ्या टोकाला होती. तिचा काही संबंधच नव्हता. ती तिकडून धावत आली, पूर्ण मैदान, पागलसारखी. चेंडू तिनं उचलला, फेकला. तोवर दोघी घरी पोचल्या होत्या. सचिव साहेब शामियान्यात जेवत होते. आवाज ऐकून बाहेर आले तेव्हा चेंडू उचलताना तीच दिसली असणार.’’ गरिमा रडत होती. ‘‘पेपर आला तेव्हा मी बोलणार होते. पप्पांनी सांगितलं, छप गया सो छप गया. तुमचं नाव मोठं होतं ना काका. मला वाटलं, तुम्ही बघून लिहिलंय म्हणजे... मला तर कधी कधी वाटायचं, खरंच तिच्याचकडून सुटला असेल.’’

मुळ्यांनी फोन ठेवला. त्यांच्या रागाला कुणी सापडेना. सचिवावर काढावा, तर तो दहा वर्षांपूर्वी गेला होता. संपादकावर, तर त्यानं फक्त भाडं नाकारलं होतं. मथळा कुणी त्यांच्याकडून लिहवून घेतला नव्हता.

७

रविवारी दुपारी तीनला ते लष्करमधल्या दौलतगंजात पोचले. स्मृतीच्या नवऱ्याचं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान होतं, आणि दुपारी काउंटरवर तीच बसत असे. पंचावन्न वर्षांची, जाड भिंगांचा चष्मा, एक पाय स्टुलावर ठेवलेला. गुडघ्याला पट्टा होता.

‘‘या काका,’’ ती म्हणाली. आश्चर्य दिसलं नाही. ‘‘मेळाव्यासाठी बोलवायला आला असाल तर सॉरी, मी येत नाही.’’

‘‘का येत नाहीस?’’

तिनं त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग सांगितलं, अगदी कुणा दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. पेपर आल्यानंतर कॉलेजच्या फाटकाशी मुलं उभी राहायची. ती आली की काही बोलायची नाहीत, नुसती ओंजळ पुढे करायची आणि मग उघडायची. दोन वर्षं. वडिलांनी बूट चुलीत घातले. ‘‘त्याचं काही नाही काका, लग्न झालं, मुलं झाली, सब ठीक है. पण एक गोष्ट आहे. मला आठवतं ते वेगळंच आहे. मला आठवतं की मी फक्त धावले. पण छापलेलं रोज वाचलं. आई कात्रण लपवायची, मी काढून वाचायची. मग हळूहळू मला हातात चेंडू लागल्याचं आठवायला लागलं. इथे.’’ तिनं तळहात दाखवला. ‘‘आता दोन्ही आठवतं. कोणतं खरं ते मला माहीत नाही. गरिमाला विचारायची हिंमत नाही झाली.’’ तिनं चष्मा काढला. ‘‘तुम्ही तिथे होतात. तुम्ही सांगा. माझ्याच हातून सुटला होता का?’’

दुकानातल्या इन्व्हर्टरांची मंद गुणगुण चालली होती. मुळ्यांच्या पत्रकारितेतून एवढंच नाव उरलं होतं, ‘जिथे खेळ, तिथे मुळ्ये’. लोक अजून म्हणत.

‘‘मी तिथे नव्हतो,’’ ते म्हणाले.

तिनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

‘‘ऑफिसात बसून फोनवर ऐकून लिहिलं. चेंडू तुझ्याकडे आलाच नव्हता. मी हे छापतोय, माझ्या नावानं. खेळाच्या खोक्यात, नियमांच्या पहिल्याच पानावर. आज हॉलमध्ये वाचूनही दाखवणार आहे.’’ त्यांनी खिशातून कार्ड आणि दोन फासे काढून काउंटरवर ठेवले. काल संध्याकाळी त्यांनी ते कार्ड हातानं लिहिलं होतं. पस्तीस चौकोन भरलेले, एक्केचाळीस रिकामा. ‘‘इथे काय लिहायचं ते मला ठरवता येईना. जे मी पाहिलं नाही ते मी लिहिणार नाही.’’

स्मृती रागावली नाही, रडलीही नाही. तिनं कार्डावरचा एकोणीस वर्षांच्या मुलीचा फोटो पाहिला. शेजारी ठेवलेले फासे उचलले, काचेच्या बांगड्या खाली-वर कराव्यात तसे मुठीत खुळखुळवले आणि सहज टाकले.

लाल चारवर बसला.

पांढरा फिरत फिरत एकावर आला. तो कलला नाही. तिथेच बसला.

मग पावलं आली. या वेळी छतावरून नाही. दुकानाच्या आतून, डाव्या भिंतीपासून, मुळ्यांच्या आणि तिच्या मधून. काउंटरवरचे कागद एकेक करून उचलले गेले आणि पुन्हा बसले. स्मृती स्टुलावर हलली नव्हती, पण तिचा श्वास वाढला होता आणि कपाळावर घाम फुटला होता. तिचे ओठ मोजत होते. चार. पाच. सहा. समोरचं इन्व्हर्टरांचं कपाट, त्यामागची भिंत, भिंतीमागची गल्ली, सगळं जणू बाजूला सरून उभं होतं, वाट देऊन. नऊ. दहा.

अकराव्याला स्मृतीनं हात खाली नेला आणि मूठ मिटली.

सगळं शांत झालं. रस्त्यावर एक ई-रिक्षा गेली. तिनं मूठ काउंटरवर आणून उघडली. तळहातावर तांबडी माती होती, ओलसर, बोटांच्या रेषांत शिरलेली. ती तिच्याकडे पाहत राहिली, अशी की मुळ्यांना आपली नजर खाली घ्यावी लागली.

‘‘जबलपूरला मैदानावर लाल मुरूम टाकला होता,’’ ती म्हणाली. आवाज दमलेला होता, आणि तरुण. ‘‘धुतला तरी निघत नव्हता.’’

मुळ्यांनी पेन पुढे केलं. तिनं माती न पुसताच ते घेतलं आणि रिकाम्या चौकोनात, बारीक अक्षरात, दोन शब्द लिहिले. मग कार्ड त्यांच्याकडे सरकवलं. कडेला तिच्या अंगठ्याचा तांबडा ठसा उमटला होता.

‘थांबली नाही.’